राखीव प्रत : दुसऱ्याला उघडता येईल अशी

रुग्णालयाच्या नोंदणी-खिडकीपाशी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. यापूर्वी कोणता मोठा आजार झाला, सध्या कोणती औषधे चालू आहेत, मागच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणले आहे काय, विम्याची पॉलिसी कोणती. एके काळी या सगळ्या प्रश्नांची उत्तरे कपाटातील एका कापडी पिशवीत असत आणि ती पिशवी कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असे. आता त्यांतील पुष्कळशी उत्तरे घरच्या संगणकात असतात. आणि तो संगणक ज्याला नीट हाताळता येतो, नेमकी तीच व्यक्ती पुष्कळदा आत खाटेवर असते.

या एका वस्तुस्थितीमुळे घरगुती बॅकअपचा, म्हणजे राखीव प्रतीचा, विचार थोडा वेगळ्या बाजूने करावा लागतो. राखीव प्रत ठेवावी असे सांगणारे सहसा यंत्राच्या बिघाडाची भीती दाखवतात. ती भीती खोटी नाही. हार्ड डिस्क आज ना उद्या बंद पडतेच. परंतु ज्या घरात वयोवृद्ध माणसे आहेत, तेथे यंत्र बिघडण्याआधी माणूस आजारी पडेल, हीही शक्यता धरून चालावे लागते. म्हणून अशा घरात राखीव प्रतीची खरी कसोटी प्रतींच्या संख्येत नसते. ज्याने ती प्रत केली तो जवळ नसताना दुसऱ्या माणसाला ती दहा मिनिटांत सापडते काय आणि उघडते काय, ही ती कसोटी होय. आजच्या लेखात सुचवलेली पद्धत या कसोटीला धरूनच सोपी केलेली आहे.

गुंतागुंत कोठून येते?

बहुतेक घरांत राखीव प्रत नसतेच असे नाही. उलट ती फार ठिकाणी असते. एक पेनड्राइव्ह टीव्हीच्या खाली, दुसरा देवघराच्या खणात, काही सीडी जुन्या बॅगेत, थोडे गुगल ड्राइव्हवर, थोडे मुलाने परदेशी जाताना करून ठेवलेल्या डिस्कवर. फोल्डरांची नावे 'नवीन', 'नवीन २', 'अंतिम' आणि 'खरे अंतिम' अशी. प्रत्येक प्रत कोणीतरी मनापासून केलेली असते; परंतु कोणती केव्हाची आणि तिच्यात काय आहे, हे करणाऱ्यालाही सहा महिन्यांनी सांगता येत नाही.

याचे कारण आळस नव्हे. ही सारी व्यवस्था स्मरणशक्तीच्या आधारावर उभी केलेली असते. काय उतरवायचे, कोठून कोठे, मागच्या वेळी कोठपर्यंत आलो होतो, हे सर्व लक्षात ठेवावे लागते. वय वाढते तसे लक्षात ठेवण्याचे ओझे जड होते, आणि रात्ररात्र जागून शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा मुलीला तर त्या ओझ्यात भर नकोच असते. तेव्हा सोपे करणे म्हणजे आठवावे लागणाऱ्या गोष्टी कमी करणे. त्यासाठी आधी काय जपायचे हे ठरवावे लागते.

कोणत्या फाइली आधी?

घरातील कागदपत्रांचे आणि फाइलींचे तीन गट करून पाहावेत. पहिला गट पुन्हा मिळू शकणाऱ्यांचा. आधार कार्ड पुन्हा उतरवून घेता येते, बँकेचा खातेउतारा मागता येतो, सातबारा उतारा ऑनलाइन मिळतो, कित्येक शासकीय दाखले डिजिलॉकरमध्ये असतात. दुसरा गट कष्टाने किंवा ठरावीक मुदतीतच मिळणाऱ्यांचा. तिसरा गट कधीही पुन्हा न मिळणाऱ्यांचा.

आपण करतो ते नेमके उलटे. आधार कार्डाच्या दहा प्रती ठिकठिकाणी असतात. आणि वडिलांच्या आवाजातील अभंगाचे ध्वनिमुद्रण, आईच्या हस्ताक्षरातील लोणच्याच्या प्रमाणाचे पान, गावच्या घराचे पाडण्यापूर्वी काढलेले छायाचित्र यांची एकच प्रत एकाच मोबाइलमध्ये असते.

वैद्यकीय कागद दुसऱ्या गटात येतात, आणि त्यांच्याविषयी एक नियम प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे जतन करावयाच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पाचसहा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेची नोंद रुग्णालयात असेलच, हे गृहीत धरता येत नाही. कागद हाती आहेत तोवरच ते स्कॅन करून ठेवलेले बरे.

सर्वच कागद जपण्याची गरज नाही. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अहवाल, स्टेंट, पेसमेकर, कृत्रिम सांधा किंवा डोळ्यातील भिंग बसवल्यानंतर मिळालेले कार्ड, औषधांच्या अ‍ॅलर्जीची नोंद, चालू औषधांची यादी आणि एक जुना ईसीजी एवढे आधी घ्यावे. पेसमेकर असलेल्या रुग्णाचा एमआरआय करावयाचा झाला, तर त्या यंत्राचे मॉडेल कोणते हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि त्याचे उत्तर त्या छोट्या कार्डावर असते. छातीत दुखू लागल्यावर काढलेला नवा ईसीजी डॉक्टर जुन्याशी ताडून पाहतात. बदल आजचा की पूर्वीचाच, हे त्यावरून कळते. ईसीजीचा कागद मात्र बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो. काही वर्षांत तो फिका पडतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास आणखी लवकर. त्याचे स्कॅन पहिल्याच आठवड्यात व्हावे.

सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सीडी घरी असेल, तर तिच्यातील केवळ चित्रे वेगळी न काढता सीडीतील सर्व फोल्डर जसेच्या तसे संगणकात उतरवावे. त्या प्रतिमा डायकॉम नावाच्या खास स्वरूपात असतात आणि त्या पाहण्याचे साधन बहुधा त्याच सीडीत दिलेले असते. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपना सीडी घालण्याची सोयच नसते. म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. स्कॅन केलेली प्रत ही माहितीसाठी असते. घराचे खरेदीखत, मृत्युपत्र, मुदत ठेवीची पावती यांचे मूळ कागद पूर्वीप्रमाणेच जपून ठेवावे लागतात. स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत रद्दीत गेली, तर तो घाटा भरून येत नाही.

एक घर, दोन दालने

आता संगणकात एकच मोठे फोल्डर करावे आणि त्याचे नाव 'घर' ठेवावे. त्याच्या आत दोनच फोल्डर असावेत : 'कागद' आणि 'आठवणी'.

'कागद' या दालनात प्रत्येक व्यक्तीच्या नावाचे एक फोल्डर, शिवाय 'विमा', 'पेन्शन' आणि 'घर व शेत' अशी आणखी तीन. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याच्या वेळी पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक लागतो. तो कागद येथे असावा. याहून अधिक कप्पे करू नयेत. फार कप्प्यांच्या फडताळात वस्तू हरवतात, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे.

फाइलीच्या नावात तारीख आधी लिहावी, आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. '२०२४-०८-१९ आई डिस्चार्ज कार्ड' असे नाव दिले की, संगणक सगळ्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला, तर तो क्रम मोडतो. नाव असे असावे की, फाइल न उघडताही आत काय आहे ते तिसऱ्या माणसाला कळावे.

'आठवणी' या दालनात वर्षावार फोल्डर : २०२३, २०२४, २०२५. छायाचित्रे, चलचित्रे आणि ध्वनिमुद्रणे तेथेच. जुन्या अल्बममधील छायाचित्रे स्कॅन केली, तर ती ज्या वर्षी स्कॅन केली त्याच वर्षाच्या फोल्डरात 'जुने अल्बम' या नावाने ठेवावीत. असे केल्याने सरलेल्या वर्षाच्या फोल्डरात पुन्हा हात घालावा लागत नाही, आणि दरमहा उतरवायचे ते फक्त चालू वर्ष उरते.

डेस्कटॉपवर पसरलेल्या जुन्या फाइलींचे काय करावे, असा प्रश्न पडेल. त्या एकेक तपासत बसू नये. 'आठवणी'मध्ये 'जुना पसारा' नावाचे एक फोल्डर करून सर्व त्यात टाकावे आणि पुढे जावे. आवरायला बसलो की अर्ध्या वाटेत थकवा येतो आणि मूळ काम राहून जाते.

दोन डिस्क, एक दिवस

तारेने जोडता येणाऱ्या १ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्याव्यात. १ टीबी म्हणजे सुमारे १,००० जीबी. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र साधारण ४ एमबीचे धरले, तर दहा हजार छायाचित्रांना सुमारे ४० जीबी लागतात. सामान्य कुटुंबाला ही जागा कित्येक वर्षे पुरते. पेनड्राइव्ह स्वस्त असतो, पण तो हरवतो, आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास त्यातील माहिती टिकेलच असे नाही. थरथरणाऱ्या किंवा संधिवाताने आखडलेल्या बोटांना मोठी डिस्क आणि लांब तार सोपी जाते. एका डिस्कला लाल आणि दुसरीला पिवळी चिकटपट्टी लावावी. रंगाने ओळख पटते. नाव आठवावे लागत नाही.

पहिल्यांदा 'घर' हे संपूर्ण फोल्डर दोन्ही डिस्कवर उतरवावे. हे काम वेळखाऊ आहे. मुलगा, मुलगी किंवा नातवंड सुटीत घरी असताना ते करून घ्यावे. त्यानंतर लाल डिस्क घरात आणि पिवळी दुसऱ्या घरात : मुलीकडे, भावाकडे, विश्वासातील शेजाऱ्यांकडे, शक्यतो दुसऱ्या वस्तीत.

प्रत घराबाहेर का, हे महाराष्ट्राला समजावून सांगावे लागू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांत, २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी घरांत शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणातील डिस्क एकदमच भिजतात. एकाच कपाटातील दोन प्रती पुराच्या, आगीच्या किंवा चोरीच्या दृष्टीने एकच असतात.

महिन्याचे काम कोणत्या दिवशी करावे? महिन्याची औषधे आणण्याचा दिवस यासाठी सोयीचा आहे. तो दिवस कोणी विसरत नाही, आणि त्याच दिवशी चालू औषधांची यादीही ताजी करता येते. काम असे :

१. मोबाइल तारेने संगणकाला जोडून त्या महिन्यातील हवी ती छायाचित्रे 'आठवणी'तील चालू वर्षात आणावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले तपासणीचे अहवाल 'कागद'मध्ये आणावेत.

२. लाल डिस्क जोडून तीवर आजच्या तारखेचे नवे फोल्डर करावे आणि 'कागद' हे दालन संपूर्ण त्यात उतरवावे.

३. 'आठवणी'तील केवळ चालू वर्षाचे फोल्डर डिस्कवरील 'आठवणी'त उतरवावे. याच नावाच्या फाइली आधीच आहेत, असे संगणक सांगेल. तेव्हा वगळण्याचा, म्हणजे 'स्किप'चा, पर्याय निवडावा.

४. आज उतरवलेल्या फाइलींपैकी कोणतीही एक डिस्कवरूनच उघडून पाहावी.

५. 'इजेक्ट' करून डिस्क काढावी, तिच्यावरील चिठ्ठीवर तारीख लिहावी आणि ती कपाटात ठेवावी.

'कागद' दरमहा नव्या फोल्डरात का उतरवायचे? समजा एखादी फाइल चुकून पुसली गेली किंवा खराब झाली आणि ते दोन महिन्यांनी लक्षात आले. जुन्याच्या जागी नवी प्रत ठेवत गेलो असतो, तर डिस्कवरही चांगली फाइल उरली नसती. तारखेवार फोल्डर असल्यास मागील महिन्यातून ती काढून घेता येते. कागदांना जागा फारशी लागत नाही. हे दालन २ जीबीचे धरले, तरी वर्षाला २४ जीबीच खर्ची पडतात.

पाचव्या पायरीत डिस्क काढून ठेवण्याचे कारण केवळ नीटनेटकेपणा नाही. संगणकात शिरून सर्व फाइली कुलूपबंद करणारे आणि किल्लीसाठी खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही सोडत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशा विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तेथील नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. कपाटात बंद असलेल्या डिस्कपर्यंत असा विषाणू पोहोचू शकत नाही.

वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि गुढीपाडव्याला, लाल आणि पिवळ्या डिस्कची अदलाबदल करावी. एरवीही त्या दिवसांत एकमेकांकडे जाणे होतेच. बदलून आलेल्या डिस्कवर पहिल्या वेळी मागील वर्षाच्या 'आठवणी'ही उतरवाव्यात, म्हणजे मधल्या महिन्यांची तूट भरून निघते.

छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिणारे अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी '३-२-१' हा नियम रूढ केला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्यत्र. संगणक, लाल डिस्क आणि दुसऱ्या घरातील पिवळी डिस्क मिळून हा नियम पाळला जातो. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

क्लाउडचे स्थान

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या क्लाउड सेवा उपयोगाच्या आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखून. गुगल खात्यासोबत १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती ईमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे यांच्यात वाटली जाते. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजवर चढवलेली छायाचित्रेही त्यातच मोजली जातात. जागा भरली की नवी छायाचित्रे चढणे थांबते, आणि ते पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'सिंक' आणि राखीव प्रत या एक नव्हेत. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवणे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. मोबाइल भरला म्हणून गुगल फोटोज अ‍ॅपमधून पुसलेले छायाचित्र क्लाउडवरूनही जाते. कचरापेटीत ते ६० दिवस राहते आणि नंतर कायमचे नाहीसे होते.

म्हणून क्लाउडवर फक्त तातडीच्या वेळी लागणारे मोजके कागद असावेत : विम्याची पॉलिसी, औषधांची यादी, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, यंत्र बसवले असल्यास त्याचे कार्ड. हे फोल्डर परगावच्या मुलाशी किंवा मुलीशी सामायिक करून ठेवले, म्हणजे रात्री दोन वाजता फोन आला तरी ती बोस्टनहून किंवा बंगळुरूहून ते पाहू शकते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक नोंदी जोडण्याच्या कामी येतो. परंतु आभा ही आपल्या कागदांची कोठी नव्हे. नोंदी ज्या रुग्णालयाने निर्माण केल्या, त्याच्याकडेच त्या असतात.

जे गुगल खाते २ वर्षे कोणीही वापरलेले नसते, ते तेथील माहितीसह काढून टाकले जाऊ शकते. त्याच कंपनीने 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय दिलेली आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरले गेले नाही, तर आपण निवडलेल्या व्यक्तींना कळवले जाते आणि आपण ठरवलेली माहिती त्यांना मिळते. बँकेत आपण नामनिर्देशन करतो, तसेच हेही एकदा करून ठेवावे.

आणि एक इशारा. आपला बॅकअप संपला आहे, तो चालू करून देतो, असा दूरध्वनी कोणी केला, तर त्याला ओटीपी सांगू नये आणि त्याच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. या लेखातील व्यवस्थेत बाहेरच्या माणसाचा फोन कोठेच येत नाही.

खंडेनवमीची परीक्षा

खंडेनवमीला घरातील हत्यारे, अवजारे, शिलाईयंत्र आणि आताशा संगणकही पुसून पूजेला मांडला जातो. याच दिवशी वर्षातील एक परीक्षा घ्यावी. महिन्याचे काम जो करतो, त्याने हात बांधून खुर्चीवर बसावे. घरातील दुसऱ्या कोणीतरी कपाटातून डिस्क काढावी आणि ती शक्यतो दुसऱ्याच संगणकाला जोडून तीन गोष्टी उघडून दाखवाव्यात : एक वैद्यकीय अहवाल, पाच वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र आणि एक ध्वनिमुद्रण.

जेथे ती व्यक्ती अडखळेल, तेथे दोष तिचा नाही, व्यवस्थेचा आहे. फोल्डरचे नाव कळले नाही, तर नाव बदलावे. तार सापडली नाही, तर ती डिस्कलाच बांधावी. फाइल उघडली नाही, तर ती पीडीएफसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात पुन्हा साठवावी. 'तुला नाही जमायचे, मी करतो' हे वाक्य त्या दिवशी कोणीही उच्चारू नये. कित्येक घरांतील आजीबाई मोबाइलवर नातवाशी समोरासमोर बोलतात आणि विजेचे बिल भरतात. संगणकापाशी त्यांना कोणी बसूच दिलेले नसते, एवढाच फरक.

स्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही परीक्षा तिची नव्हे, तिची काळजी घेणाऱ्याची घ्यावी. मात्र 'आठवणी' उघडताना तिला शेजारी बसवावे. जुनी छायाचित्रे पाहताना आणि ओळखीचा आवाज ऐकताना कधीकधी असे रुग्ण बोलू लागतात. काही नावे, काही नाती त्याच वेळी लिहून घेता येतात.

एका पानाची चिठ्ठी

शेवटची गोष्ट कागदाची. एका पानावर मोठ्या अक्षरांत पुढील माहिती हाताने लिहावी : लाल डिस्क कोठे आहे, पिवळी कोणाकडे आहे, 'घर' फोल्डर संगणकात कोठे आहे, संगणक आणि मोबाइल उघडण्याचा पिन, ईमेलचा पत्ता व पासवर्ड, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करावा. विंडोजच्या नव्या संगणकांत कित्येकदा डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्यासाठीची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून येथेच लिहावी. संगणक बंद पडल्यास तिच्यावाचून आतील फाइली निघत नाहीत.

बँकेचे पिन या पानावर लिहू नयेत आणि डिस्कवरही ठेवू नयेत. डिस्कला पासवर्ड घालावा की नाही, हा प्रश्न उरतो. घातला तर चोरापासून संरक्षण मिळते. पण तो पासवर्ड एकट्यालाच ठाऊक असला, तर डिस्क घरच्यांनाही परकी होते. ज्येष्ठांच्या घरात पासवर्ड न घालता डिस्क कुलपाच्या कपाटात ठेवणे अधिक सोयीचे ठरते. हे पान मूळ कागदपत्रांच्या पिशवीत असावे आणि त्याची एक प्रत पिवळ्या डिस्कसोबत जावी.

संगणक दुरुस्तीला देताना 'फॉरमॅट करावा लागेल' असे सांगितले जाते. त्या क्षणी होकार देण्याआधी डिस्कवरील चिठ्ठीची तारीख पाहावी. ती याच महिन्यातील असेल, तर निश्चिंतपणे हो म्हणावे. नसेल, तर आधी आतील फाइली काढून देण्यास सांगावे.

हे सारे एका दिवशी करण्याची आवश्यकता नाही. या पंधरवड्यात घरातील सर्वांत जुना ईसीजी आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड यांचे स्कॅन करावे, 'घर' हे फोल्डर उघडून ते त्यात ठेवावे आणि ते कोठे आहे हे घरातील दुसऱ्या एका माणसाला दाखवावे. डिस्कची खरेदी पुढच्या महिन्याच्या औषधांबरोबर झाली तरी चालेल.